आठ पायऱ्यांत मेंदूतज्ज्ञ व्हा! (वरठी बॅच)

गल्लीत कुणाच्या तरी डोक्यात गाठ निघाली आहे. नागपूरहून एमआरआयचा तो भलामोठा लिफाफा घरी आला आहे. शेजारीपाजारी भेटून आले, प्रत्येकाने काही ना काही सांगितलं, आणि तुम्ही मात्र ‘काळजी घ्या’ एवढंच बोलून, चहा पिऊन परत आलात. मनाला लावून घेऊ नका. प्रत्येक सल्लागार कधीतरी असाच मुका होता.

हा कोर्स तुमच्यासाठी आहे. मी स्वतः भंडारा रोड स्टेशनाबाहेरच्या टपरीवर बावीस वर्षं वैद्यकीय सल्ला देतो आहे. फी घेत नाही, जबाबदारीही घेत नाही. माझ्या सल्ल्याने आजवर एकही पेशंट बरा झालेला नाही, पण एकही परत विचारायला आलेला नाही, याला मी यश समजतो. शुगर, बीपी, पथरी, गुडघे हे विषय आता कुणीही हाताळतं. त्यांत इज्जत उरलेली नाही. सध्या भाव आहे तो मेंदूतल्या गाठीला, आणि त्यातही ‘पोटॅशियम चॅनेल’ला. हा शब्द वरठीत अजून फार जणांच्या तोंडी नाही. आत्ताच शिकून घ्या.

साहित्य: एक मोबाइल, अर्धवट वाचलेली एक बातमी, आणि भेटायला जाताना न्यायची फळं. फळांचं पुढे येईल.

पायरी १. आधी शब्द सोडा, अर्थ मागाहून शोधा

टपरीवर बसा. सनफ्लॅग कारखान्याची शिफ्ट सुटायची वाट पाहा, म्हणजे श्रोते आयते मिळतात. दोन घोट झाले की सहज म्हणा, ‘‘सगळा खेळ पोटॅशियम चॅनेलचा आहे.’’ आणि गप्प बसा. कुणीतरी विचारेलच, ‘‘काहून जी, कोणत्या नंबरवर लागते ते?’’ हसू नका. हसलात की तुम्हाला पुढचं माहीत आहे असं ठरतं, आणि मग सांगावं लागतं.

सांगायचीच वेळ आली तर एवढं पुरे. पेशीभोवती पातळ पापुद्रा असतो, त्यात प्रथिनांची बारीक दारं असतात. काही दारं फक्त पोटॅशियमचीच. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पट जास्त, त्यामुळे दार उघडलं की ते बाहेर धावतं. एका दारातून सेकंदाला दहा कोटी कणांपर्यंत. गंमत अशी, की सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान, तरी त्याला इथे प्रवेश नाही. दाराच्या आत ऑक्सिजनचे अणू हातांसारखे पुढे आलेले असतात. पोटॅशियम त्यांत नेमका मावतो, अंगावरचं पाण्याचं पांघरूण टाकून आत शिरतो. सोडियम चणीने लहान, त्याला ते हात पुरत नाहीत, मग तो पांघरूण सोडत नाही आणि बाहेरच राहतो. जाड्याला सोडायचं आणि बारक्याला अडवायचं, असं फाटक आपल्या स्टेशनावर कधी पाहिलंत? रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली या दाराची रचना उलगडून दाखवली आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मॅकिनन हे नाव दोनदा घ्या. तिसऱ्यांदा घेतलंत तर शंका येते.

पायरी २. पेशंटच्या हातातलं केळं काढून घ्या

इथे नवशिके कच खातात. कच खाऊ नका. ‘पोटॅशियममुळे गाठ पसरते’ असं तुम्ही काल म्हणालात. आज पेशंट केळं खातो आहे. तुमचा शब्द पणाला लागला आहे. पुढे व्हा आणि केळं उचला. नारळपाणीही बंद करा. आता अडचण एवढीच, की भेटायला येताना तुम्ही स्वतःच डझनभर केळी आणि दोन शहाळी आणली आहेत. ती परत घेऊन जा. घरी मुलं खातील.

एखाद्या केळ्यात साधारण चारशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मोठ्या माणसाच्या अंगात ते एकूण सव्वाशे-दीडशे ग्रॅम असतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं पेशींच्या आत. रक्तातलं प्रमाण लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिमोलच्या दरम्यान ठेवायचं काम मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात. ते फार घसरलं किंवा फार चढलं तर हृदयाची लय बिघडते. म्हणजे ताटातलं केळं काढून गाठीतल्या पेशीचं दार बंद होत नाही. ही माहिती तुमच्यापुरतीच ठेवा. ती बाहेर फुटली तर निम्मा धंदा बसेल.

पायरी ३. गाठ कोणती, हे विचारू नका

मेंदूतल्या सगळ्या गाठी एकच समजा. मेंदूच्या आवरणातून निघणारा मेनिंजिओमा बहुतेक वेळा सावकाश वाढतो, आपल्या जागी बसतो, आणि शस्त्रक्रियेने पुष्कळदा पूर्ण निघतो. ग्लिओब्लास्टोमा ही वेगळीच जात. तिच्या पेशी गाठ सोडून आसपासच्या निरोगी मेंदूत वाट काढत जातात. आपला पोटॅशियम चॅनेलचा सगळा विषय या दुसऱ्या जातीचा. पण विचारलंत आणि उत्तर ‘मेनिंजिओमा’ आलं, तर तुमचं आठ दिवसांचं शिक्षण वाया. म्हणून विचारू नका.

पायरी ४. जनरल डब्याचं उदाहरण द्या

कोर्सचा गाभा हा. इथे वेळ घ्या, दुसरा चहा मागवा.

पेशी मेंदूत पुढे सरकते कशी, हे वरठीकराला शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. सणासुदीला नागपूरकडे जाणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात जो चढला आहे, त्याचा निम्मा अभ्यास झालेला आहे. मेंदूत मोकळी जागा अशी नाहीच. पेशींमधल्या सगळ्या फटी एकत्र केल्या तर मेंदूच्या आकारमानाचा पाचवा हिस्सा भरेल, पण एकेक फट म्हणजे मिलिमीटरचे लाख तुकडे केले तर त्यातल्या चार-सहा तुकड्यांएवढी. गाठीतली पेशी त्या फटीच्या शंभर-दोनशे पट जाड. इतर कॅन्सर रक्तात उतरतात आणि यकृतात, फुप्फुसात जाऊन मुक्काम करतात. ही पेशी सहसा मेंदूबाहेर जात नाही. ती रक्तवाहिनीच्या बाहेरच्या भिंतीला धरून किंवा मज्जातंतूंच्या जुडग्यांमधून चालते. रुळांच्या कडेकडेने चालत गाव गाठणाऱ्या माणसासारखी.

आता डब्यात शिरायची पद्धत, टप्प्याटप्प्याने. श्रोत्यांना बोटांवर मोजून दाखवा.

आधी अंगात जास्तीचं भरून ठेवा. पेशी एका पंपाने क्लोराइड आत ओढून साठवते. निघण्याआधी खिशात चिल्लर भरावी तसं.

मग हाक यायची वाट पाहा. रक्तवाहिन्यांच्या बाजूने ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ येतो. १९४९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांना तो एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करताना सापडला होता. गाठीतल्या पेशीला तो म्हणजे फलाटावरची ‘चाय गरम’ची हाक. हाक ऐकली की पेशीत कॅल्शियम वाढतं, आणि कॅल्शियमवर उघडणारी पोटॅशियमची दारं खाडकन उघडतात.

आता सामान बाहेर टाका. पोटॅशियम बाहेर पडतं, त्याच्या मागोमाग आपल्या वेगळ्या दाराने क्लोराइड, आणि दोघांच्या मागे पाणी. काकडीच्या फोडींवर मीठ टाकलं की पाणी सुटतं, फोड मऊ पडते. इथेही पाणी मिठाच्या मागे जातं. फरक एवढाच, की मीठ पेशीने स्वतः बाहेर फेकलेलं असतं. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात हॅराल्ड सोन्थायमर यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांच्या मेंदूत शिरणाऱ्या मानवी गाठीच्या पेशी मोजल्या. त्या सुमारे एक तृतीयांशाने आक्रसतात असं दिसलं. अंगातलं सुटं पाणी जवळजवळ सगळं जातं. फट पार झाली की पुन्हा फुगतात. पोट आत घेऊन दारातून शिरायचं आणि आत जाऊन श्वास सोडायचा, हे वरठीत बारक्या पोरालाही येतं.

पण एक जड पेटी उरतेच: केंद्रक. ते पाण्यासारखं सोडून देता येत नाही. अरुंद जागी ते डमरूसारखं मध्ये दबतं, आणि मागून पेशीचा सांगाडा त्याला ढकलतो. फलाटावरून ढकलणारा भाऊ नसता तर आपलेही कितीतरी पाहुणे गाडीबाहेर राहिले असते.

शेवटी कोपर. आपण कोपर मारतो, ही पेशी ग्लुटामेट सोडते. तेवढ्या ग्लुटामेटने शेजारचे मज्जातंतू मरतात आणि जागा होते. फिट येण्यामागेही हाच पदार्थ असतो. हे सांगताना आवाज खाली आणा. कारण हे ऐकून कुणीतरी म्हणेल, ‘‘अरे, त्याले तर आधी फिटच आल्ती ना.’’ आणि सगळे आपल्या ग्लासाकडे पाहायला लागतील. तेव्हा लगेच पुढच्या पायरीवर जा.

पायरी ५. ‘ऑपरेशन केलं की झालं’ असं ठासून सांगा

जितकं ठासून सांगाल तितका विश्वास बसेल. एका नामांकित सर्जनवरही बसला होता. अमेरिकेतले वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली ज्यांचं एक अंग आधीच लुळं पडलं होतं अशा काही पेशंटांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकला. गाठीच्या बाजूचं काहीच ठेवलं नाही म्हणजे गाठ कुठून परत येईल? ती दुसऱ्या बाजूने आली. पेशी आधीच पलीकडे पोचलेल्या होत्या. गाडी सुटून गेल्यावर फाटक बंद करण्यात अर्थ नसतो. म्हणूनच आज शस्त्रक्रियेनंतर शेक, म्हणजे रेडिएशन, आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या असं तिन्ही मिळून देतात. २००५ मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत या गोळ्यांमुळे निम्मे पेशंट जितका काळ जगतात तो बारा महिन्यांवरून साडेचौदावर गेला, आणि दोन वर्षं जगणारे दहा टक्क्यांवरून सव्वीसवर आले.

हे आकडे पेशंटच्या घरात बोलू नका. कोर्समधला एवढा एकच नियम मी खरंच पाळतो.

पायरी ६. गजकर्णाच्या मलमाची शिफारस करा

माझा स्वतःचा हातखंडा हा. प्रत्येक मेडिकलमध्ये गजकर्णाचं पांढरं मलम मिळतं, त्यात क्लोट्रिमाझोल असतं. हेच क्लोट्रिमाझोल आपल्या त्या कॅल्शियमवर उघडणाऱ्या पोटॅशियमच्या एका दाराला बंद करतं. हे खरं आहे. त्यावरून ‘डोक्याला गजकर्णाचं मलम लावा’ हा सल्ला आपोआप निघतो. मी तो एकदा दिला. एका घरी खरोखरच टाळूवर मलम लावून बसलेला माणूस पाहिला तेव्हा मागल्या दाराने निघालो. टाळूपासून मेंदूपर्यंत कवटी असते, हे मी विसरलो होतो. त्यांनी मात्र मला मान दिला होता.

क्लोट्रिमाझोल पोटात घेतलं तर यकृताच्या कामात ढवळाढवळ करतं. ते टाळून २००० साली ट्रॅम-३४ नावाचा रेणू बनवला गेला. उंदरांत तो दिला की गाठीच्या पेशींचं पसरणं कमी झालं. माणसांसाठीच्या औषधांत तो नाही.

आता या दाराचं नाव. केसीए थ्री पॉइंट वन म्हणा. किंवा आयके-वन. किंवा एसके-फोर. जनुकाचं नाव केसीएनएन-फोर. चारही नावं एकाच दाराची. नवशिका इथे गोंधळतो. वरठीकराने गोंधळायचं कारण नाही: स्टेशन वरठीत आहे आणि पाटीवर नाव भंडारा रोड आहे, शहर तिथून दहा-बारा किलोमीटर लांब. बाहेरचा पाहुणा उतरून विचारतो, भंडारा कुठाय? आपण म्हणतो, ऑटो करा.

पाचवं नाव सगळ्यांत जुनं: गार्डोश चॅनेल. हे हंगेरीच्या ग्यॉर्गी गार्डोश यांच्यामुळे पडलं. कॅल्शियम वाढलं की लाल रक्तपेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, हे त्यांनी १९५८ मध्ये दाखवलं. त्याच १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख आला. तिकडे हंगेरी, इकडे नागपूर; दोघांना एकमेकांचा पत्ता नसावा. पण सिकलसेलमध्ये लाल पेशी याच दारातून पोटॅशियम आणि पाणी घालवून कोरडी पडते आणि विळ्यासारखी वाकायला आणखी सोपी होते. भंडारा-गोंदियाकडे सिकलसेल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळेत रक्त तपासायला येतात, लग्न जुळवताना विचारतात. म्हणजे ज्या दाराने मेंदूतली पेशी फटीतून शिरते, तेच दार आपल्या विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या रक्तात त्रास देत आलं आहे. ते बंद करणारं सेनिकॅपॉक हे औषध सिकलसेलसाठीच तयार झालं होतं. चाचणीत हिमोग्लोबिन वाढलं, पेशी फुटायच्या कमी झाल्या, पण अंगदुखीचे झटके काही कमी झाले नाहीत. चाचणी मध्येच थांबली. पेशंटला रिपोर्ट नको असतो, दुखणं थांबायला हवं असतं. एवढं त्या चाचणीला कळलं. आम्हा टपरीवाल्यांना अजून कळायचं आहे.

पायरी ७. विंचू काढा

श्रोते जांभया द्यायला लागले की विंचू काढा. खिशातून नको, बोलण्यातून. आपल्याकडचा लाल विंचू घ्या. कोकणात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या माणसांवर उमेदीची वर्षं घालवली. रक्तदाबाच्या प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यू रोखता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळं काढलं गेलं. अवघ्या सदतीस अमिनो आम्लांची माळ, पण ती बीके नावाच्या मोठ्या पोटॅशियम दाराच्या तोंडावर बुचासारखी बसते. ग्लिओमाच्या, म्हणजे ग्लिओब्लास्टोमाच्या घराण्यातल्या गाठींच्या, पेशींत या बीकेचा एक खास अवतार भरपूर सापडतो, हे सोन्थायमर यांच्याच गटाने २००२ मध्ये दाखवलं.

इथे टाळ्या पडतील. टाळ्या पडल्या की लगेच उठा. थांबलात तर एखादा म्हणेल, ‘‘म्हंजे विंचू चावून घ्यायचा का जी?’’ माझ्या बॅचमधला एक विद्यार्थी या प्रश्नाला ‘तज्ज्ञांच्या देखरेखीखाली’ असं म्हणाला होता. त्याला मी नापास केला.

आणखी एक धोका. श्रोत्यांत एखादा बीएस्सीचा पोरगा असतो. तो विचारेल, दार बंद केलं की पेशी थांबते, की उघडलं की? ऐका: काही प्रयोगशाळांत बीके बंद केल्यावर पेशींचं सरकणं मंदावलं, आणि २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात बीके मुद्दाम उघडल्यावर मंदावलं. दोन्ही खरं असू शकतं. पेशीला आक्रसावंही लागतं आणि फुगावंही लागतं. दार सतत उघडं राहिलं काय आणि सतत बंद राहिलं काय, लय बिघडते. डब्याचं दार आतून कडी लावलेलं असलं तरी अडकायला होतं, आणि दारात माणूस अडकून ते लागतच नसलं तरीही. पण एवढं समजावत बसू नका. पोराला म्हणा, ‘‘आमच्या वेळी असं नव्हतं.’’

पायरी ८. ‘उंदीर’ हा शब्द गिळा

बातमीत लिहिलेलं असतं: शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये मेंदूची गाठ रोखली. तुम्ही सांगा: शास्त्रज्ञांनी मेंदूची गाठ रोखली. एक शब्द कमी केला की बातमी दुप्पट मोठी होते. व्याकरणात दुसरी अशी सोय नाही.

जर्मनीत हायडेलबर्गच्या गटाने २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी एकमेकींना लांब तंतूंनी जोडलेल्या असतात, आणि त्यांतल्या थोड्या पेशी ठरावीक ठेक्याने कॅल्शियमच्या लाटा सोडत बाकीच्यांना चालना देत राहतात. ठेका धरतं कोण? तेच आपलं केसीए थ्री पॉइंट वन, पाच नावांचं दार. सेनिकॅपॉकने ते अडवलं की लाटा मंदावल्या, गाठीची वाढ कमी झाली. उंदरांत. बघा, लिहिताना माझ्याकडूनसुद्धा गिळला जात होता.

आणि हृदयाचं नाव काढू नका. पोटॅशियमच्या दारांचं कुटुंब मोठं आहे, त्यातलं एक घर हृदयात आहे. ईथर दिल्यावर पाय थरथरवत नाचणाऱ्या फळमाश्या अमेरिकेत सापडल्या, तेव्हा त्या काळच्या नाचांवरून त्यांच्या जनुकाचं नाव ‘ईथर-अ-गो-गो’ पडलं. त्याच्या भावकीतलं एक दार मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमात सापडतं, आणि चुलत दार हृदयाचा ठोका सांभाळतं. ते चुकून बंद झाल्यामुळे सर्दी-शिंकांवरची चांगली खपणारी टर्फेनाडिनची गोळी १९९०च्या दशकाअखेर बाजारातून मागे घ्यावी लागली. गाठीचं दार बंद करायचं आणि शेजारच्या घराला धक्का लागू द्यायचा नाही, इतकं ते काम नाजूक आहे. यात ‘शेजारचं घर’ हा शब्द आला की मला उगाच टाळूवर मलम लावलेला माणूस आठवतो.

प्रात्यक्षिक परीक्षा

आठ पायऱ्या झाल्या. आता पेशंटच्या घरी जा. वेळ संध्याकाळची धरा, माणसं जमलेली असतात. चप्पल दारात काढा, खुर्ची पुढे ओढा, मॅकिनन दोनदा घ्या. मी गेलो होतो तसे.

मी बोलत होतो. वहिनी आत-बाहेर करत होत्या. सामानाचा, काकडीचा, विंचवाचा भाग संपला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वहिनींनी पदराला हात पुसत विचारलं, ‘‘भाऊजी, तुम्हाला एवढं सगळं माहीत आहे तर एक सांगा ना. सोमवारपासून शेक सुरू होऊन राहिला. रोज जायचं आहे. तिकडे राहायची काही सोय झाली नाही. यांना उभं राहवत नाही. सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळते का?’’

अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. केळ्याचं होतं.

शेक सहा आठवडे चालतो, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे तीस वेळा. वरठीहून नागपूर साठेक किलोमीटर. कन्हान, कामठी करत जाऊन-येऊन एकशे वीस. तीस फेऱ्यांचे छत्तीसशे किलोमीटर होतात. मेंदूतली ती पेशी तासाला मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी सरकते, आणि तिला गाठायला पेशंट जनरल डब्यातून छत्तीसशे किलोमीटर जातो. हा हिशेब मी टपरीवर मांडला तेव्हा चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. कोर्स सुरू केल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

प्रमाणपत्रासाठी टपरीवर येऊ नका, सध्या सकाळी मी तिथे नसतो. गाडी यायच्या आधी फलाटावर जाऊन उभा राहतो. गाडी थांबली की पोट आत घेऊन आधी शिरतो आणि खिडकीजवळची जागा रुमाल टाकून धरतो. अकरा शेक झाले आहेत, एकोणीस राहिले आहेत. मंगळवारी आणि गुरुवारी मला जमत नाही. कोर्स पूर्ण केलेल्यांपैकी कुणी मोकळं असेल तर या. रुमाल घेऊन या. केळी आणलीत तरी चालतील.